दोन नळ्या

किडनी बदललेल्या माणसाच्या रक्तात औषध किती उरतं, यावर माझं संशोधन चालू आहे. त्यासाठी सकाळी नऊची गोळी घेण्याआधीचं रक्त लागतं. मात्र जासई गावचे एक काका दर खेपेला गोळी खाऊनच लॅबमध्ये यायचे. शेवटी मी भडकले. तेव्हा सोबतच्या काकूंनी मलाच सुनावलं, "नऊ म्हंजे नऊ. किडनी माझी हाय, मॅडम. तिला गोळीशिवाय नाय ठेवनार मी."

नवऱ्याला किडनी त्यांनीच दिली होती.

सहकारी म्हणाले, या पेशंटला वगळून टाक. मी कसली वगळते! बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांमागे रखडत मीच सकाळी नऊच्या आत जासईला जाऊ लागले. काकू गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन शेजारीच उभ्या असायच्या. मी सुई काढली रे काढली की गोळी काकांच्या तोंडात.

एकदा मी सहज विचारलं, "काकू, तुमचं रक्त कधी तपासलं होतं?"

"ऑपरेशनच्या टायमाला. आता कशाला? मी काय पेशंट हाय?"

एका किडनीवर ही बाई घर चालवत होती आणि तिची चौकशी कुणीच केली नव्हती.

पुढच्या खेपेला मी दोन नळ्या नेल्या. काकांचं रक्त घेऊन झालं. दुसरी नळी बघताच काकू मागे सरल्या. "नाय, नाय, माझं नको."

काकांनी तोंडाशी नेलेली गोळी खाली ठेवली.

"आधी हिचं घ्या," ते मला म्हणाले, "मग मी गोळी घेतो."

नऊ वाजतच आले होते. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.