कुठे काय बोलावं, हे अंजूला कळत नाही

पुसदला आमच्या भिंतीला लागून गोविंदाचं घर. त्याची मुलगी अंजू तेरा वर्षांची, स्वमग्न. गणितात तिचा हात कुणी धरत नाही. शाळेत मीच शिकवते, म्हणून छातीठोकपणे सांगते. पण कुणी ख्यालीखुशाली विचारली की भिंतीकडे बघत खरं ते सांगून मोकळी.

दिवाळीत पाहुण्यांनी विचारलं, "घरी बरं हाय ना?"

"सोमवारी बाबानं आईले पऱ्हाटीच्या काडीनं मारलं. अकरा वेळा. शुक्रवारी लाथेनं. दात पडला."

पाहुणे चहा टाकून उठले. ते फाटकाबाहेर पडताच गोविंदानं पोरीचं डोकं चौकटीवर आपटलं. तिची आई साधना मध्ये पडली, तर त्यानं साधनाची बोटं दारात चेंगरली.

गल्ली हळहळली, पण कशासाठी? "एवढी हुशार पोरगी, पन चारचौघात काय बोलावं, थे समजत नाही!" हे ऐकून माझं डोकं फिरतं. आम्हाला समजत होतं ना? साधनाचा काळानिळा डोळा समोर असताना आम्ही तिला भाजी काय केली ते विचारायचो. त्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो.

गेल्या रविवारी दुपारी गोविंदानं साधनाच्या डोक्यात खलातला बत्ता घातला. कवटी फुटली. तिला बेशुद्धच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून जमादार आला, गल्ली जमली.

"न्हाणीत पाय घसरला, साहेब," गोविंदा म्हणाला. त्याच्या भावांनी माना डोलावल्या.

"घसरला नाही," अंजू कोपऱ्यातून बोलली. "बत्ता. सहा वेळा. तिसऱ्यानंतर आई ओरडली नाही."

"येडी हाय थे, साहेब. तिचं कायले मनावर घेता?"

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी तं शेजारीच राहता. काही आइकलं का?"

मी नाही म्हटलं, तर प्रकरण तिथंच मिटणार आणि साधना वाचली तरी याच घरात परतणार. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "मी बाजारात गेलते."

"मॅडम घरीच होत्या," अंजू म्हणाली. "आई त्यायले हाका मारत होती. दोन हाका. मंग मॅडमनं टीव्हीचा आवाज वाढवला."

ती भिंतीकडेच बघत होती. बाकी सगळी गल्ली माझ्याकडे.

"लिहा," मी जमादाराला म्हटलं. "दोन नाही, तीन हाका होत्या. तिसरी मी आवाज वाढवल्यावरची."