कट्ट्यांच्या खोलीतला नेटचा पॉइंट

मंडळी, आज रिसोडच्या आमच्या नव्या घरात नेटची वायर ओढली. मागच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही, म्हणून भिंतीतून वायर नेऊन प्रत्येक खोलीत पॉइंट द्यायचं ठरलं होतं.

काम चालू असताना इलेक्ट्रिशियन इस्माईलभाई म्हणाले, "भाऊ, कट्ट्यांच्या खोलीतबी वायरचा पाइप हाये."

ती खोली सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, ठेवायला बांधलेली. मी म्हटलं, चुकून टाकला असेल.

"चुकून नाही. स्लॅबच्या टायमाले आईनंच टाकाले लावला."

आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, "कट्ट्यांले नेट कायले पाह्यजे, आई?"

"कट्टे मावतीन कुठीबी. ते खोली बापूची हाये."

बापू माझा धाकटा भाऊ. पुण्यात भाड्याच्या खोलीत बसून कंपनीचं काम करतो. सणाला येतो आणि दुसऱ्याच दिवशी निघतो. म्हणतो, गावात नेट नाही, काम कसं करू?

"आता त्याले म्हन, दुसरं कारन शोध," आई शेंगांवरची नजर न उचलता म्हणाली.

नेट हे त्याचं खरं कारण होतं की नुसतं सांगायचं, मला माहीत नाही. आईने मात्र ते खरं मानलं होतं.

पॉइंट बसला. त्याच खोलीतून बापूला व्हिडिओ कॉल लावला. चित्र एकदाही अडकलं नाही. आईने त्याला भिंतीवरचा पॉइंट दाखवला.

मग तो म्हणाला, "आई, टेबल खिडकीपाशी ठेवजो."

आई आत्ता टेप घेऊन खिडकीखाली उभी आहे. घरून काम करणाऱ्यांनो, टेबल केवढं घ्यावं?