मधल्या टेकाडाची खूण

सह्याद्रीचा एक फाटा आमच्या गावामागे समुद्राजवळ येऊन थांबतो. त्याला तीन टेकाडं होती. माथ्यावर लाल जांभा, खाली काळा पत्थर. आधी गावाने घरांसाठी जांभ्याचे चिरे काढले. आमचं घरही मधल्या टेकाडाच्या चिऱ्यांचं. मग बॉक्साइटसाठी ट्रक आले. ते थांबल्यावर काळा दगड फुटू लागला आणि खडी महामार्गाला गेली. मधलं टेकाड नेमकं कधी संपलं, मला सांगता येत नाही. मी अलिबागला शिकवत होते. सुट्टीत यायचे तेव्हा ते थोडं आखूड दिसायचं, एवढंच.

बाबांनी सांगून ठेवलं होतं, अस्थी खडपावर सोडा. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून सापडणारी त्यांची मासळीची जागा. आमच्यात अशी जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. काकांच्या होडीत जीपीएस आहे, पण त्यात ती कुठून असणार?

"मला नाय सांगितलं, आणि तुला सांगितलं!" काका सुकाणू धरून म्हणाले. "तू काय जाळं टाकणार व्हतीस गो?"

"म्हणूनच सांगितलं असेल."

ते हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "बरं, बोल खुणा."

"किल्ल्याचा दक्षिणेचा बुरूज भूशिराबाहेर दिसायला हवा. आणि मधलं टेकाड देवळाच्या कळसावर..."

बुरूज होता. कळस होता. कळसावर नुसतं आभाळ. टेकाड गेल्याचं मला कधीपासून ठाऊक होतं. खूण गेल्याचं तिथे, होडीत कळलं. गुडघे धरल्यावर बाबा समुद्रावर गेलेच नव्हते. त्यांनाही कळलं नसावं.

काकांनी इंजिन बंद केलं. "कुठं व्हतं ते, आठव."

लहानपणी माझ्या प्रत्येक चित्रात ती तीन टेकाडं असायची. आता मोकळ्या आभाळात मधल्याचं टोक मला ठरवता येईना. होडी मागेपुढे करून दोघंही थकलो. ऊन चढलं. शेवटी मी म्हणाले, "इथेच असेल."

काकांनी दोरीला शिसं बांधून तळाशी सोडलं. खाली खडक असला तर हाताला ठोका कळतो, चिखल असला तर शिसं माखून येतं. ते बराच वेळ दोरी धरून बसले. मग ती ओढून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून शिसं पाण्यात खळबळलं.

"खडपच हाय," ते म्हणाले. "सोड, बाय."

त्यांच्या बोटांना करडा चिखल होता. मी कलशावरचं फडकं सोडलं.