सात टॅब, मग एंटर

ऑफिसात आमच्या टीमच्या मॅडमनी माझं बोट धरलं आणि टॅबच्या कीवर दाबलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. एक, दोन, तीन. पेनाने मोजावं तसं माझ्या बोटाने मोजत होत्या. सात वेळा टॅब, मग एंटर, हजेरी उघडते. तिथून चार टॅब, परत एंटर. पाठ कर, म्हणाल्या.

मी म्हटलं, मॅडम, स्क्रीन रीडर काही सांगतच नाहीये. नुसतं बटण बटण करतोय. कुठलं बटण ते बोलत नाही.

"अगं, म्हणून तर पाठ कर म्हणतेय. तुला दिसत नाही म्हणूनच घेतलंय ना तुला?"

मागे कोणीतरी हसलं. बाकीचे कीबोर्ड बडवत राहिले. मी पण हसले. ते हसणं आठवलं की अजून स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी आंधळी. तुम्ही काय ते सभ्य शब्द वापरा, माझी हरकत नाही. राहते मानपाड्याला, नोकरी ठाण्याला. आमची कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. हजेरी, मार्क, दाखले. आंधळ्या माणसाला ते वापरता येतं का, हे तपासायचं माझं काम. तपासायचं, अहवाल लिहायचा, खाली नाव टाकायचं.

आता भानगड काय झालेली, ते सांगते. पडद्यावरच्या प्रत्येक बटणामागे त्याचं नाव लिहून ठेवावं लागतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते नाव उचलतो आणि मोठ्याने बोलतो. हजेरी. मार्क. बाहेर पडा. आमच्या लोकांनी नवीन आवृत्ती काढली तेव्हा ही नावं ठेवायची जागा बदलली. नवे स्क्रीन रीडर तिथे बघतात. जुन्या मशीनवरचे बिचारे जुन्या जागी बघतात, आणि तिथे आता काहीच नाही. जुनी जागा ठेवून नवी शेजारी करता आली असती. पण मॅडमना कोड स्वच्छ हवा होता. केर काढताना आम्हीच निघालो.

आणि मी पाठ केलं. मला जमतंच ते. शाळेत मला स्टेजवर उभं करून तीसपर्यंत पाढे म्हणायला लावायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मला वाटायचं मी कोण मोठी. इथेही तेच. जुन्या मशीनवर फटाफट हजेरी उघडली, बंद केली, नंदीबैलासारखी मान हलवली. अहवालात लिहिलं, पास. खाली माझं नाव. नवीन आवृत्ती काही शाळांमध्ये गेली.

मग एका रविवारी गुरुजींचा फोन आला. मला कंप्युटर ह्यांनीच शिकवला. तेही आंधळे. खडवलीच्या बाजूला एका शाळेत शिकवतात, आणि आपल्या वर्गाची हजेरी शाळेच्या जुन्या मशीनवर इतकी वर्षं स्वतः भरतात. कोणाचा हात न धरता.

"पोरी, मशीन मुकी झाली गो," म्हणाले.

हजेरी भरता येईना म्हणून हेडमास्तरांनी त्यांचा वर्ग दुसऱ्याला दिला. गुरुजींना व्हरांड्यात स्टुलावर बसवलं, घंटा द्यायला. गुरुजी भांडले. तेव्हा हेडमास्तरांनी आमचा अहवाल काढून वाचून दाखवला. एका आंधळ्या मुलीला सगळं जमतंय, गुरुजी, तुमचंच वय झालं.

मग गुरुजींनी विचारलं. "तुजा नाव हाय म्हनतात त्या कागदावर. खरा हाय काय?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते मी, डोंबल? तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमवर नाही. स्वतःवर.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. जुनी नावं परत ठेवा म्हटलं. टीममधला मुलगाच मला म्हणाला होता की काम फार मोठं नाही. मॅडम म्हणाल्या, जुनी मशीनं राहिलीत किती, घेतील नवीन. आणि गुरुवारी त्या शाळा चालवणाऱ्या संस्थेची माणसं येतायत, तू दाखवणार आहेस, सात आणि चार लक्षात आहे ना?

गुरुवारी कॉन्फरन्स रूममध्ये संस्थेचे तिघे आणि ते हेडमास्तर. संस्थेने मुद्दाम जुनं मशीन मागितलेलं, कारण त्यांच्या शाळांत तेच आहे. माझ्या कानात इअरफोन. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, ही स्वतःच दाखवेल. माझं बोट आपोआप चालायला लागलं. तीन टॅब झालेसुद्धा. चौथ्याला मला तो स्टूल आठवला.

मी इअरफोनची पिन उपटली. आवाज फुल केला.

बटण. टॅब. बटण. टॅब. बटण.

संस्थेतल्या एकाने विचारलं, हे काय म्हणतंय?

"एवढंच म्हणतंय," मी म्हटलं. "मी पाठ केलंय म्हणून चालतंय. मी पास लिहिलेलं ते खोटं होतं. हेडमास्तर, या, डोळे मिटा आणि हजेरी उघडून दाखवा."

कोणी आलं नाही.

बाहेर आल्यावर मॅडमचा आवाज चिरकला होता. तू आमचं नाक कापलंस, म्हणाल्या. माफी लिहून दे, नाहीतर राजीनामा. मी जागेवर जाऊन बसले आणि दोन्हींतलं काहीच लिहिलं नाही. पहिल्या पडद्यापासून एकेक बटणावर गेले. एकोणीस निघाली. एकोणीस वेळा लिहिलं, नाव ऐकू येत नाही. वरती लिहिलं, आधीचा अहवाल खोटा, तो मी लिहिला होता. शेवटी नापास, आणि माझं नाव. मॅडमना पाठवलं, संस्थेला पाठवलं, हेडमास्तरांना पाठवलं. गुरुजींना फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवलं. आज मी हे सांगतेय तेव्हाही ते घंटाच देतायत.

कालपर्यंत ऑफिसच्या दारावर माझं कार्ड चालत होतं. उद्याचं माहीत नाही. मॅडम, बंद करायचं तर करा. घरी माझं पण जुनं मशीन आहे, तपासायला मला तुमची खुर्ची लागत नाही. त्या जुन्या मशीनने "हजेरी" असा शब्द माझ्या कानात उच्चारल्याशिवाय पासच्या खाली माझं नाव पडणार नाही. आणि ह्यापुढे माझ्या बोटाला कोणी हात लावायचा नाही.