बर्फाच्या नदीकाठची ओटी

आमचे हे गेल्यावरही मी देवीच्या देवळात जायची, पण मागे खांबाशी उभी राहायची. पुढे बायका खण-नारळ घेऊन रांगेत असायच्या. मला कुणी अडवलं नव्हतं. माझं मलाच वाटायचं की आता आपण हात पुढे करू नये. मनात मात्र एक शंका राहिली होती. जिला मी परकर नेसायची तेव्हापासून आई म्हणत आले, तिला मी एका दिवसात नकोशी कशी झाले? पण हे विचारायचं कुणाला? माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चार माणसांत बोलायला मला सुचत नाही. तिथे देवीला काय विचारणार?

माझी मुलगी वृषाली न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये हॉर्नबीला राहते. तिला दिवस गेले म्हणून मी तिच्याकडे आले. आधी एकदा पाचव्या महिन्यात तिचं सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी आम्ही सगळेच जपून होतो. सातवा लागला तसा तिने हट्ट धरला, "आई, माझी ओटी तूच भरायची."

मी म्हटलं, "तुझी मैत्रीण भरेल की. मी पुरणपोळ्या करते."

"पुरणपोळ्या दुकानातही मिळतात," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तिला कसं सांगू? मी तिच्या पोटावर अजून हातसुद्धा ठेवला नव्हता. माझ्या हाताने त्या जिवाला काही होऊ नये, एवढीच भीती होती.

मग जावयांनी, समीररावांनी, सुट्टी काढली आणि कॅम्पर भाड्याने आणली. वृषालीला तपासायला मिडवाइफ होती, म्हणजे तिकडची शिकलेली सुईण. तिला विचारूनच निघालो. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच. बिछाना, शेगडी, बेसिन, सगळं आत. आम्ही डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला, बर्फाच्या नद्या आहेत तिकडे निघालो. कसली घाई नव्हती. वाटेल तिथे थांबायचं, चहा करायचा, पुन्हा निघायचं. मी मागच्या खिडकीशी बसायची. बाहेर धुकं, माणसापेक्षा उंच नेचे, ओल्या झाडांवर दाढीसारखं लोंबणारं शेवाळ. डोळा लागायचा, उघडायचा, तर तेच हिरवं पाणी आणि तेच ढग. मी जागी आहे की झोपेत, हेच कधी कधी कळायचं नाही.

एका ठिकाणी हिरवे मोठे पक्षी टपावर बसून खिडकीचं रबर ओढायला लागले. समीरराव म्हणाले, "आई, हे बघा आमच्या सोसायटीचे चेअरमन. यायचं, काहीतरी मोडायचं आणि जायचं." वृषाली पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण वळण आलं की वरच्या कपाटात काहीतरी ठक करून वाजायचं. मी उघडून पाहिलं. आत खण, तांदूळ, हळकुंडं, सुपारी, हळद-कुंकू आणि एक नारळ. तोच गडगडत होता. वृषालीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाचं दार लावलं. पुढे सगळा रस्ता प्रत्येक वळणाला तो ठक वाजत राहिला.

बर्फाच्या नदीच्या गावाच्या अलीकडे एका तळ्याकाठी आम्ही मुक्काम केला. बर्फ काही दिसत नव्हतं, ढग पार खाली आले होते. सकाळी मी चहा ठेवला तर वृषाली उठून बसलेली, चेहरा पांढरा.

"आई, बाळ हलत नाहीये. रात्रीपासून."

समीरराव फोन हातात उंच धरून तळ्याभोवती फिरले, पण तिथे रेंजच नव्हती. शेजारच्या घरातल्या बाईंनी ते पाहिलं. त्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, पायात गमबूट, कोंबड्यांना दाणे घालत होत्या. "किआ ओरा," असा त्यांच्या भाषेत नमस्कार केला, आणि सगळं ऐकल्यावर आम्हाला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे तारेचा फोन होता. मिडवाइफ म्हणाली, लगेच गावातल्या दवाखान्यात जा, मी नर्सला कळवते. समीरराव गाडीला लावलेली विजेची वायर काढायला, गॅस बंद करायला धावले. तेवढा वेळ आम्ही तिघी त्या स्वयंपाकघरात होतो.

भिंतीवर टोपी घातलेल्या एका माणसाचा फोटो होता. बाईंनी जाता जाता त्याला हात लावला आणि वृषालीला काही सांगितलं. "त्यांचे मिस्टर. आता नाहीत," वृषाली मला म्हणाली. मग बाईंनी तिला विचारलं, हात ठेवू का? वृषालीने मान हलवली. त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले, डोळे मिटले आणि त्यांच्या भाषेत हळू काही पुटपुटल्या. जराही बिचकल्या नाहीत. मी त्या हातांकडे बघतच राहिले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर ढग दोन्हीकडे सरकले होते. डोंगराच्या कुशीतून निळसर पांढरं बर्फ खाली उतरत आलेलं दिसलं. बाई हसून काही बोलल्या. वृषाली रडत रडतच मला सांगत होती, "त्या म्हणतात, बघा, आज ती दिसली. एका मुलीचा जिवलग या डोंगरावरून पडून गेला. ती इतकी रडली की तिचे अश्रू गोठले, तेच हे बर्फ."

मला वाटलं, इथेही आहे का एक, माझ्यासारखी.

बाई आणखी काही म्हणाल्या. वृषाली म्हणाली, "आणि इथलं सगळं तिच्याच पाण्यावर हिरवं आहे. आम्ही पितो तेही तिचंच पाणी."

मी कधी उठले ते मला आठवत नाही. मी वृषालीच्या पायाशी बसले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. मनात देवीला म्हटलं, आई, हे हात तूच दिलेस. यांचं काय करायचं ते आता तू बघ. मी आवरून धरून थकले. किती वेळ काहीच नाही. मी हात काढला नाही. वृषालीचा हात माझ्या हातावर आला. आणि मग आतून, माझ्या तळव्याखाली, ठक झालं. थांबून पुन्हा एकदा.

"आई," वृषाली म्हणाली, "तुला कळलं ना?"

मी मान हलवली. बाईंनी आमच्या पुढ्यात गोड चहा आणून ठेवला.

तरी दवाखान्यात गेलोच. नर्सने यंत्र लावलं आणि खोलीभर घोडा दौडल्यासारखा आवाज घुमला. सगळं नीट आहे, म्हणाली, पुन्हा असं वाटलं तर थांबू नका. बाळ झोपलं होतं की काय होतं, मला ठाऊक नाही. मी कुणाला काही पटवायला हे लिहीत नाही.

परत फिरताना नदीकाठी गाडी उभी केली. पाणी दुधाळ करडं, वरून बर्फाचा गार वारा. समीरराव हळूच म्हणाले, "आई, नदीत काही सोडायचं नाही हं, इथे चालत नाही." मी म्हटलं, "नदीसाठी नाही." वरचं कपाट उघडलं. वृषालीला पूर्वेकडे तोंड करून बिछान्यावर बसवलं, माझ्या बोटाने तिला हळद-कुंकू लावलं आणि तिच्या ओढणीत खण, नारळ, तांदूळ घातले. थोडे तांदूळ सांडले. उघड्या दारातून बर्फ दिसत होतं. मी नदीला नमस्कार केला तेव्हा देवळातल्या खांबापासून पुढे सरकल्यासारखं वाटलं.

वृषालीला मुलगी झाली. रोज सकाळी मी तिला पायांवर घेऊन तेल लावते. ती माझं बोट घट्ट धरते, सोडत नाही. इतकी वर्षं देवी मला लांब ठेवते आहे असं मी समजत होते, आणि लांब उभी होते मीच. तिने मला कुठे बोलावून घेतलं, कुणाच्या स्वयंपाकघरात बसवून समजावलं. तिचे उपकार कसे फेडू? आता गावी गेले की खण-नारळ घेऊन रांगेत उभी राहीन. कुणी काही बोललं तर बोलू दे. मला उत्तर द्यायचं नाही, फक्त हात पुढे करायचे आहेत.