लीलाबाईंनी लपवलेला तिळगूळ

समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर रूपरावांनी उभी हयात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. निवृत्तीनंतर नियंत्रणाला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या मुंग्या ताब्यात घेतल्या. कोणती रांग कुठून सुटते, कुठे वळते, कुठे मुक्काम करते, हे त्यांना हिंगणघाट गाडीपेक्षा खात्रीने सांगता येई.

मुंग्या मारायचा विषारी खडू मात्र त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, घरात चालत नसे. "खडू आणसान तर सैपाक बंद," असं त्यांनी बजावलं होतं, आणि रूपराव उपासाला फार भीत. म्हणून सगळं युद्ध घरगुती शस्त्रांनी चाले. उंबऱ्यावर हळदीची रेघ, साखरेच्या डब्यात लवंगा, दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत. शेवटी मुंग्यांची वाट लिंबू-मिठाच्या पाण्याने पुसायची. वाटेचा वास गेला की मागची मुंगी अशी भांबावते, जशी पाटी नसलेल्या गाडीपुढे म्हातारी!

पण पुसण्याआधी रांग कुठवर जाते ते बघायचा रूपरावांचा नेम होता. कारण लीलाबाईंना साखरेचा आजार होता, आणि गूळ लपवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तांदळाच्या ड्रमामागे, गोधडीच्या घडीत, एकदा तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीशी! मुंग्या चुगली करत. खडा हाती लागला की रूपराव ओरडत, "सापडलं वं!"

आतून उत्तर येई, "मुंगीवर भरोसा हाये तुमचा, बायकोवर नाई!"

"तू भरोशाची हायेस का?"

"तुमी कधी गोड बोलत नाई, मंग गोड आणू कुठून?"

 रूपराव खडा बाहेर फेकून येत.

यंदाच्या संक्रांतीला शेजारच्या सीताबाईंकडचं हळदीकुंकू आटोपून लीलाबाई आल्या, त्या हातातला तिळगुळाचा लाडू पुढे धरूनच. "खाऊ का जी?" चोरी सोडून त्यांनी परवानगी मागितली, ती जन्मात पहिल्यांदा. पाय सुजलेले होते. रूपराव म्हणाले, "शुगर उतरू दे, मंग खाजो."

शुगर उतरली नाही. होळीच्या आधीच लीलाबाई गेल्या.

त्यानंतर रांगा बंद झाल्या. जायला ठिकाणच नसेल तर गाडी कोण सोडतं? जिंकलेलं युद्ध रूपरावांना खायला उठे. सकाळी उठून ते कोपरे बघत, आणि रिकाम्या कोपऱ्यापुढे उगाच उभे राहत.

पोळ्याच्या सुमारास लेक मंजुषा वर्ध्याहून आली. घर झाडताना शिलाई मशीनपाशी ती किंचाळलीच. "बाबा, केवढ्या मुंग्या! मी फवारा घेऊन येते."

रूपराव तरण्या पोरासारखे उठले. रांग भिंतीवरून उतरून मशीनच्या खणात शिरत होती. त्यांनी खण ओढला. बॉबिनी, बटणं, आणि पार मागे चिंधीत बांधलेली डबी. डबीभोवती हळदीचं कडं होतं, पावसाळ्याच्या ओलाव्याने ठिकठिकाणी तुटलेलं. डबीत लवंगा होत्या, पण वास उडालेला.

रूपराव बघतच राहिले. बाईने त्यांचीच विद्या त्यांच्यावर उलटवली होती! मुंग्यांनी चुगली करू नये म्हणून मुंग्यांचीच वाट अडवली होती.

लवंगांच्या मधोमध सीताबाईंचा तिळगुळाचा लाडू. एका बाजूने उंदराने कुरतडावा एवढाच घास घेतलेला. बाकीचा लाडू तसाच, शुगर उतरायची वाट बघत. सगळ्या जन्माची चोरटी बाई, आणि नेमकं शेवटचं सांगणं तिने, तो एक घास सोडला तर, पाळलं होतं.

"बाबा, फेका ना ते."

आजवर पकडलेला प्रत्येक खडा त्यांनी फेकला होता. हा फेकवेना. खाववेना तर मुळीच.

"थांब जराशी," ते म्हणाले. "त्याइले नेऊ दे. मंग पुसू."

डबी उघडी ठेवून ते पाटावर बसले. मुंग्या एकेक कण उचलून भिंतीवर चढत होत्या, न ढकलता, न भांडता. असे प्रवासी त्यांना नोकरीत कधी लाभले नव्हते. संध्याकाळपर्यंत डबीत नुसत्या लवंगा उरल्या. मंजुषा स्वयंपाकघरात पुसायच्या पाण्यात लिंबू पिळत होती.

शेवटची मुंगी भिंतीच्या फटीत शिरली, आणि सवयीने रूपरावांच्या तोंडून निघून गेलं, "सापडलं वं!"

आत मंजुषाचा हात थांबला. आईचं उत्तर तिला लहानपणापासून पाठ होतं. अर्धं पिळलेलं लिंबू तिने तसंच बाजूला ठेवलं.