पयून आला की पाहून आला

"वकीलसाहेब, यात काही दम नाही. जबाबातच कबूल करून बसला तुमचा माणूस," असं म्हणत प्रॉसिक्यूटरने कागद माझ्यापुढे सरकवला. पासष्टच्या लढाईचे दिवस. अकोल्याच्या कोर्टात माझा आरोपी होता निताई, पूर्व पाकिस्तानातून आलेला मासेमार. गुन्हा काय, तर पासपोर्टशिवाय भारतात शिरला. जबाबात लिहिलं होतं, "मी सरहद्द पाहून आलो." लढाईत सरहद्द पाहून येणारा कोण? हेरच! शिक्षा झाली असती आणि ती भोगल्यावर त्याला परत पाठवलं असतं. तिकडे त्याचं घर जाळलं होतं, भाऊ मारला होता. बायको रायपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीत वाट पाहत होती.

मग हा अकोल्यात कसा? सीमेवर निर्वासितांना सरकार एक चिठ्ठी देई, ती याची गर्दीत हरवली. रायपूरच्या गाडीत बसला, झोप लागली, जाग आली ती थेट आमच्या स्टेशनवर. पठ्ठ्या स्वतःच पोलिसांकडे रस्ता विचारायला गेला. म्हणे हेर!

मी मूळचा अकोल्याजवळच्या पातूरचा, वऱ्हाडी बोलीतच वाढलेला. जबाब दोनदा वाचला आणि मला हसूच आलं. ठाण्यातला रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा, पुण्याकडचा होता. पोलिसापुढची कबुली पुराव्यात चालत नाही. मी हरकत घेतली असती तर तो कागद बाजूला पडला असता. पण हेर असल्याचा संशय तसाच राहिला असता. म्हणून मी गप्प बसलो. निताईने ज्याला रस्ता विचारला तो इथलाच हवालदार साक्षीला आला, तेव्हा उलटतपासणी सुरू केली.

"आरोपी तुमाले काय बोलला?"

"भागके आया, मने."

"मंग तुमी रायटरले काय सांगितलं?"

"सरहद्दीकून पयून आला, मनलं."

"पयून म्हणजे?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं. तेही साताऱ्याकडचे.

मी म्हटलं, "पळून, साहेब. आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात." रायटरच्या कानाला पयून म्हणजे पाहून वाटलं, आणि सरहद्दीकूनचं सरहद्द करून व्याकरणही त्याने आपल्या हाताने नीट केलं होतं.

प्रॉसिक्यूटर भला माणूस, पण हेका सोडेना. पळून आला तरी पासपोर्ट नव्हताच ना? मी कबूल केलं, नव्हता. निर्वासिताला सूट देणारं कलम आपल्या कायद्यात नाही, हेही स्वतःच सांगितलं. पण मोठा अनर्थ टाळायला, वाईट हेतू न ठेवता केलेलं काम दंडसंहिता गुन्हा धरत नाही. हा सरळ आला, लपला नाही, आपणहून पोलिसांपुढे उभा राहिला. घर पेटल्यावर माणूस पासपोर्टचा फॉर्म भरत बसेल काय? आणि सरकारच चिठ्ठ्या वाटून आत घेतंय, तर त्यांच्यातल्या एकावरच खटला कशाला?

साहेबांनी छावणीला तार करायला लावली. चार दिवसांनी उत्तर आलं. सीमेवरून आलेल्या यादीत त्याच्या चिठ्ठीची नोंद होती, छावणीत बायकोही होती. प्रॉसिक्यूटरने केस काढून घेतली, म्हणजे कोर्टाच्या परवानगीने सरकारनेच खटला सोडला.

निताईला मी हिंदीत समजावलं. "वापस तो नहीं भेजेंगे?" असं त्याने तीनदा विचारलं. तीनदा मी नाही म्हणालो. मग तो व्हरांड्यातच खाली बसून रडला. दुसऱ्या दिवशी एका शिपायाबरोबर त्याला रायपूरला धाडलं.

माझ्या ज्युनियरांना मी एवढंच सांगत आलो: जबाबात काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी तो किती कानांतून आलाय ते मोजा.